थाळनेरची दिंडी

शिरपुराहून थाळनेरास जाणे, याला प्रवास हे नाव द्यावे की नाही याची मला स्वतःलाच शंका आहे. सकाळची पूजा आटोपून निघालेला मनुष्य दुपारच्या पानावर घरी परत बसू शकतो. बद्रीकेदाराची आणि रामेश्वराची वर्णने वाचण्यास सरावलेल्या वाचकांस हे स्थळ फारच किरकोळ वाटेल. तथापि गेल्या माघात मी तेथे गेलो, तो देवदर्शनास किंवा हवापालटास नव्हे. आमच्या घरात एक वाद उत्पन्न झाला होता, आणि त्याचा निकाल लावण्यास थाळनेरच्या पडक्या किल्ल्याइतकी योग्य जागा साऱ्या खानदेशात दुसरी नाही, अशी माझी समजूत होती.

वाद असा. माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा, वय वर्षे एकोणीस, पुण्यास शिकतो. दिवाळीनंतर त्याने तेथे पंधरा दिवसांचे एक शिबिर केले. चाकू घेऊन अंगावर येणाऱ्या इसमास निःशस्त्र मनुष्याने कसे आवरावे, हा शिबिराचा विषय. घरी आल्यावर त्याने पिशवीतून एक लाकडी सुरी काढली, अंगणात चुलत भावंडांस एकेक करून उभे केले, आणि मनगट असे धरावयाचे, कोपर असे वळवावयाचे, म्हणजे सुरी आपोआप गळून पडते, हे दाखवू लागला. दोन-चार वेळा ती खरोखरच गळून पडली. मुलींनी टाळ्या वाजविल्या. मीही कौतुकाने पाहत होतो. परंतु त्याच आठवड्यात बाजारात दोघांची बाचाबाची होऊन एकाने खिशातून चाकू बाहेर काढला, आणि आमचे चिरंजीव त्या दोघांच्या मध्ये पडण्यासाठी धावले! लोकांनी दंड धरून मागे ओढले म्हणून बरे. रात्री घरात बोलणी निघाली तेव्हा मुलगा रागावून म्हणाला, "नाना, तुम्हीच नाही का त्या वेळी सुरा हिसकावून घेतला होता? मग मलाच का अडवता?"

या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर होते. पण ते चारचौघांत देण्याचे धैर्य मला त्या रात्री झाले नाही. सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे एकवार पाहिले आणि ती आत निघून गेली. सबब दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलास म्हटले, "चल, थाळनेरास जाऊन येऊ."

आमचे शिरपूर अरुणावतीच्या काठी आहे. उत्तरेस सातपुड्याची निळी रांग, दक्षिणेस तापी, आणि गावाच्या अंगावरून गेलेला मुंबई-आग्रा रस्ता. हा रस्ता पळासनेर ओलांडून सेंधव्याच्या घाटाने वर माळव्यात चढतो. उत्तरेकडून जे कोणी दक्षिणेत उतरले, त्यांतील पुष्कळांनी हाच घाट धरला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे. एस.टी.च्या खिडकीतून दिसतो तो सारा कापूस, केळी आणि दादर ज्वारीचा मुलूख. मधूनमधून खोल व रुंद केलेले नाले आणि त्यांत घातलेले बंधारे लागतात. 'शिरपूर पॅटर्न' या नावाने ही कामे महाराष्ट्रभर गाजली, ती याच तालुक्यातली. मुलगा सारी वाट गप्प होता. मीही बोललो नाही.

थाळनेर हे आज मोठे खेडे आहे. पण एके काळी खानदेशची राजधानी येथे होती. १३७० च्या सुमारास दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने थाळनेर आणि करवंद हे परगणे मलिक राजा नावाच्या सरदारास दिले. त्याच्यापासून फारुकी घराणे सुरू झाले. करवंद हेही आमच्याच तालुक्यात आहे, हे सांगितल्यावाचून शिरपूरकराला राहवत नाही! फारुकींच्या कबरी गावाजवळ अजून उभ्या आहेत. त्यांतील अष्टकोनी घुमटाचे नक्षीकाम पाहण्याजोगे आहे. गानसम्राज्ञी लताबाईंचे आजोळ हेच गाव. त्यांच्या मातोश्री थाळनेरच्या लाड घराण्यातल्या. एवढे वैभव असून गावास त्याचा काही ताठा नाही.

मलिक राजाचा मुलगा नासिरखान याची एक गोष्ट फेरिश्ता सांगतो. असीरगडचा आसा अहीर हा सधन आणि सज्जन गृहस्थ. त्याच्याकडे नासिरखानाने निरोप धाडला, की आमच्यावर शत्रू चालून येत आहेत, बायकामुलांस तुझ्या गडावर आसरा दे. आसाने होकार दिला. पुढच्या डोल्यांत खरोखरच स्त्रिया होत्या. मागाहून आलेल्या डोल्यांतून शस्त्रधारी शिपाई बाहेर पडले, आणि स्वागतास आलेला यजमान मुलांसह मारला गेला. ही गोष्ट मी वाटेत मुलास सांगितली. तो म्हणाला, "आसाला शिकवण असती तर?" मी म्हटले, "कशाची? हात जोडून पुढे येणाऱ्या मनुष्याचे जोडलेले हात बघण्याची शिकवण असती, तर उपयोग झाला असता." यावर तो पुन्हा गप्प झाला.

किल्ला तापीच्या अगदी कडेवर. १८१८ साली इंग्रजांनी त्याचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यावरून त्याची एक बाजू सरळ नदीतून वर उठलेली होती. उरलेल्या तीन बाजूंस शंभर ते दीडशे यार्ड रुंदीचा खोलगट भाग, आणि त्यावर सुमारे साठ फूट उंचीच्या भिंती. आत जाण्यास वाट एकच. तीवर एकामागून एक असे पाच दरवाजे, आणि त्यांना जोडणारा वळणावळणाचा, मधूनमधून पायऱ्या असलेला चढ. आज दरवाजे नाहीत. भिंतींचे अवशेष आणि बुरुजांची माती उरली आहे, आणि खाली तापी वाहते आहे. एका पडक्या भिंतीच्या आडोशाला दोन माणसे जेमतेम शेजारून जातील अशी जागा पाहून मी थांबलो, आणि सदऱ्याच्या खिशातून खडू काढला.

मास्तरकी सोडून आठ वर्षे झाली तरी माझ्या खिशात खडू असतो, हा घरात थट्टेचा विषय आहे. त्या दिवशी तो मुद्दाम नवा, अखंड घेतला होता. मुलाच्या अंगात गडद निळा सदरा होता. मी म्हटले, "हा खडू म्हणजे सुरी. मी सहासष्ट वर्षांचा, माझे गुडघे दुखतात, उजव्या हाताची दोन बोटे कामाची नाहीत. तू पंधरा दिवस शिकून आला आहेस. सुरी गळवून दाखव."

तो हसला आणि सावध उभा राहिला. मी पुढे झालो. शिबिरातील जोडीदार एक वार करतो आणि हात तसाच लांब करून थांबतो. मी थांबलो नाही. डाव्या हाताने त्याचा सदरा धरला आणि उजव्या हाताने, शाळेत फळ्यावर बेरजेची रेघ ओढावी तशा रेघा ओढीत सुटलो. एकदा त्याने माझे मनगट खरोखर धरले; पण घामाने ते निसटले. सारा प्रकार चार-पाच श्वासांत आटोपला, आणि मला धाप लागली म्हणून मीच थांबलो. मग आम्ही दोघांनी मिळून रेघा मोजल्या. बाह्यांवर सहा, पोटावर तीन, एक काखेत, आणि एक मानेवर कानाखाली. एकूण अकरा. मुलगा त्या मानेवरच्या खुणेवरून बोट फिरवीत उभा राहिला. जवळून शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याने आमची ही झटापट पाहिली असावी. तो काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "मास्तर, आठे काय देखाले उनात?" काय पाहायला आलात! मी त्याला म्हटले, "बाबा, जुनी गोष्ट पाहायला आलो." त्याचे समाधान झाले असे दिसले नाही.

ती जुनी गोष्ट मग मी मुलास तेथेच बसून सांगितली. महिदपूरच्या लढाईत, २१ डिसेंबर १८१७ रोजी, होळकरांचा पराभव झाला, आणि पुढच्या जानेवारीत मंदसोरचा तह होऊन सातपुड्याच्या दक्षिणेकडील त्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. तो ताब्यात घेण्यास सर थॉमस हिस्लॉप हा सेनापती फौज घेऊन सेंधव्याच्या घाटाने खाली उतरला, आणि २७ फेब्रुवारी १८१८ रोजी थाळनेरपुढे आला. किल्लेदार तुळशीराम मामा. किल्ल्यात बहुतेक अरब शिपाई. तहान्वये किल्ला सोडा, न सोडाल तर बंडखोर समजू, असा निरोप इंग्रजांनी आत पाठविला. किल्ल्यातून तोफा-बंदुका चालू झाल्या. दुपारपर्यंत इंग्रजांच्या तोफांनी बाहेरचा दरवाजा खिळखिळा केला आणि त्यांचे लोक आत शिरले. तिसऱ्या दरवाजापाशी किल्लेदार स्वतः बाहेर आला आणि स्वाधीन झाला. चौथा दरवाजा उघडाच होता. पाचव्या दरवाजाशी मात्र अरबांनी वाट अडविली. आम्हांस अटी द्या, असे त्यांचे म्हणणे. बोलणी झाली, आणि मोठ्या दरवाजातली लहान दिंडी आतून उघडली गेली.

आमच्या घरात दिंडी म्हटले की मुलांना टाळ-मृदंग आठवतात. मोठ्या दरवाजाच्या फळीत वाकून जाण्यापुरता जो लहान दरवाजा ठेवतात, तीही दिंडीच. तीतून एका वेळी एकच मनुष्य जातो, आणि तोही मान खाली घालून. कर्नल मरे, मेजर गॉर्डन आणि मोजके शिपाई असे वाकून आत गेले. मरे याच्या कमरेला तरवार होती. पण बोलणी मोडण्याचा आपला हेतू नाही हे दिसावे म्हणून त्याने ती म्यानातून काढली नव्हती. आत दाटी, दोन्हीकडे भीती, भाषेचाही अडसर असावा. एका शिपायाच्या हातची बंदूक ओढण्याचा प्रयत्न झाला, आणि त्याच क्षणी तरवारी व जंबिये चालले. गॉर्डन आणि बरोबरचे शिपाई जागच्या जागी पडले. मरे यास तरवारीच्या मुठीला हात घालण्यापूर्वीच जंबियाचे अनेक वार बसले. अरब दिंडी आतून लावू पाहत होते. बाहेरच्या एका शिपायाने आपली बंदूक फटीत खुपसली म्हणून ती लागली नाही. कर्नल मॅकिंटॉश आणि कॅप्टन मॅक्रेथ यांनी ती रेटून धरली, आणि मॅक्रेथ याने एका हाताने तरवारीवर वार झेलीत दुसऱ्या हाताने मरे याला ओढून दिंडीबाहेर काढले. मरे वाचला, तो या ओढण्याने.

"तरवार कमरेला असून?" मुलाने विचारले. मी म्हटले, "तरवार उपसण्यास दीड हात जागा लागते आणि एक क्षण लागतो. दिंडीत दोन्ही नव्हते." या क्षणाचे माप पुढे एका अमेरिकन माणसाने काढले आहे. सॉल्ट लेक शहरातील डेनिस ट्यूलर या पोलीस शिक्षकाने १९८३ साली लिहिले, की सुरी घेतलेला धडधाकट मनुष्य एकवीस फूट अंतर दीड सेकंदात तोडतो, आणि कमरेचे पिस्तूल काढून झाडण्यास शिकलेल्या पोलिसालाही तेवढाच वेळ लागतो. एकवीस फूट म्हणजे आपले चौदा हात. आमचे अंगण त्याहून थोडे लहान आहे.

जंबिया हा शब्दही अरबांबरोबर आलेला. अरबीत 'जंब' म्हणजे कूस. कुशीला लटकवावयाचा तो जंबिया. आपल्याकडे सुरीला नावांचा तोटा नव्हता. शस्त्री, असिपुत्री, छुरिका, असिधेनुका ही अमरकोशातली नावे मी मुलांकडून घोकून घेत असे, आणि तरवारीची लेक म्हणजे सुरी, हे सांगितले की वर्गात हशा पिकत असे. मराठी आखाड्यांनी अरबांचे ते हत्यारही आपलेसे केले, आणि लाठी-बोथाटीच्या बरोबरीने जंबियाचे हात शिकविले जाऊ लागले. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी जो दशखंडी व्यायामज्ञानकोश सिद्ध केला, त्यात या साऱ्या विद्यांना जागा आहे. निःशस्त्र मनुष्याने सशस्त्रास कसे तोंड द्यावे याची 'बिनोट' नावाची विद्याही आपल्याकडे होती. या विद्यांची मला निंदा करावयाची नाही. त्यांनी नजर तीक्ष्ण होते, पाय हलके होतात, भीतीने हात गळत नाहीत. परंतु पूर्वीचे वस्ताद वर्षानुवर्षे घासून घेत आणि मग म्हणत, की अजून तू कच्चा आहेस. पंधरा दिवसांत प्रशस्तिपत्रक हाती देणारे वस्ताद त्या काळी नव्हते.

मुलाने प्रतापगडाचे नाव काढले. ते निघणारच होते. मी म्हटले, १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या भेटीत खानाची कट्यार महाराजांच्या कुशीत का शिरली नाही? अंगरख्याखाली चिलखत होते आणि मंदिलाखाली जिरेटोप होता म्हणून. ती भेट कोठे व्हावी, बरोबर माणसे किती असावीत, रानात कोण दबा धरून असावे, हे सारे आधी ठरले होते. वाघनखे आणि बिचवा यांचे काम शेवटच्या क्षणाचे. आणि त्यानंतरही सय्यद बंडा धावला तेव्हा त्याचा हात तोडण्यास जिवा महाला होताच. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आपण इतक्या वेळा म्हणतो, की तिचा अर्थ ऐकेनासे झालो आहो.

एवढे बोलून झाल्यावर मला जे सांगावयाचे होते ते टाळण्यास सबब उरली नाही.

सन १९८६. मी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात शिक्षक होतो. लग्नाला दोन वर्षे झाली होती. भाड्याच्या दोन खोल्यांत आमचा संसार. एका संध्याकाळी, जेवणाची पाने मांडीत असता, शेजारचा एक शेतकरी धापा टाकीत आमच्या ओसरीवर आला आणि आत घुसला. बांधावरून भावकीत भांडण झाले होते. मागोमाग त्याचा चुलतभाऊ आला, हातात सुरा. हा दुसरा काही वर्षांपूर्वी माझ्याच शाळेत शिकून गेला होता. मला वाटले, हा माझा विद्यार्थी! मी दारात उभा राहिलो, त्याचे नाव घेऊन दटावले, आणि वर्गात भोवरा किंवा गोट्या जप्त कराव्यात तसा हात पुढे केला: "दे इकडे." तो थांबला. मी एक पाऊल पुढे गेलो आणि सुऱ्याचे पाते मुठीत धरले.

त्याने सुरा फक्त मागे ओढला. तेवढ्याने माझ्या तळहाताचे काम झाले. बोटे मिटविणाऱ्या ज्या दोऱ्या असतात, ज्यांस सुश्रुत कंडरा म्हणतो, त्यांतील दोन बोटांच्या तुटल्या. वेदना मागाहून आली. आधी फक्त हात भिजल्यासारखा वाटला. मी त्या हाताकडे पाहत राहिलो, आणि त्याने दुसरा वार उगारला. हे सारे घरात सर्वांस ठाऊक आहे. यापुढचे जे ठाऊक आहे ते खरे नाही.

लोक म्हणतात, मास्तरांनी रक्ताळलेल्या हाताने सुरा हिसकावला. मी काही हिसकावले नाही. पान वाढण्यासाठी मांडलेला लाकडी पाट उचलून सौ. मध्ये आली. दुसरा वार त्या पाटावर बसला आणि पाते लाकडात रुतले. तिने पाट तसाच पुढे रेटला, माझी सदऱ्याची कॉलर मागून धरून मला घरात ओढले, दार लावले आणि अडसर घातला. मग खिडकीशी जाऊन तिने अशी हाक फोडली की सारी आळी लाठ्या घेऊन जमली. सुरा बाहेर पाटातच राहिला होता. तो मुलगा ओसरीच्या पायरीवर बसून रडत होता. तिने माझा हात लुगड्याच्या धडप्यात आवळून डोक्याच्या वर धरला, आणि बैलगाडी, मग जीप, असे करीत धुळ्यास पोहोचेपर्यंत तो दाब एकदाही सैल केला नाही. डॉक्टर म्हणाले, हा दाब धरला नसता तर फार रक्त गेले असते.

बरा होऊन परतलो तेव्हा गावात गोष्ट तयार होती. शाळेत शाल-श्रीफळ झाले, भाषणे झाली. मी उठून खरे सांगणार होतो. पण टाळ्या वाजत होत्या. आणि एकदा न सांगितलेले पुढे सांगण्यास फार जड जाते. चाळीस वर्षे होत आली. तिने कधी त्याचा उच्चार केला नाही. आजही आचमनास पळीभर पाणी घेतले की ते माझ्या तळव्यात ठरत नाही. पहिला थेंब ओठांस लागण्यापूर्वी अर्धे गळून जाते. दररोज तीन वेळा मला ती संध्याकाळ आठवते, आणि दररोज मी गप्प बसतो.

मुलगा बराच वेळ नदीकडे पाहत होता. मग त्याने विचारले, "म्हणजे काय करायचे? पळायचे?"

मी म्हटले, होय. वाट असेल तर पळावे. त्यात लाज नाही. पैसे मागत असेल तर पाकीट द्यावे. ते आपल्यापासून दूर भिरकवावे म्हणजे तो त्याकडे वळतो. वाद घालणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता हातांकडे पाहावे. एक हात पाठीमागे किंवा खिशात राहत असेल तर अंतर वाढवावे. मध्ये काहीतरी ठेवावे: टेबल, खुर्ची, सायकल, छत्री, दप्तर, पाट. दार असेल तर लावावे. मोठ्याने ओरडावे, ११२ हा क्रमांक आता सर्वत्र लागतो. आणि यांपैकी काहीच शक्य नसेल, भिंतीशी कोंडला गेलास, तरच हातघाई. त्या वेळी दोन्ही हातांनी त्याचा सुरीचा हात धरावा, पाते कदापि नाही, आणि सुटण्याची संधी मिळताच निघावे. लागले तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावे, १०८ ची गाडी येईपर्यंत सोडू नये. पाते अंगात रुतले असेल तर उपटू नये. "आणि दुसरा कोणी मरत असेल तर?" हा त्याचा प्रश्न खरा कठीण होता. मी म्हटले, "तर जा. पण हात रिकामे नेऊ नकोस, एकटा जाऊ नकोस. मी दोन्ही चुका केल्या."

थाळनेरची गोष्ट दिंडीशी संपत नाही, आणि ती तेथे संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. दिंडीतून गोळ्या झाडून वाट मोकळी झाली, कॅप्टन मॅक्ग्रेगर आत शिरताना मारला गेला, आणि मग मागून आलेल्या फौजेने किल्ल्यातील शिबंदी, सुमारे अडीचशे-तीनशे माणसे, कापून काढली. तुळशीराम मामा तर दिंडी उघडण्यापूर्वीच स्वाधीन झाला होता. जंबिये चालले तेव्हा तो आत नव्हता. त्यालाही त्याच संध्याकाळी फाशी दिले गेले. या गोष्टीची चर्चा १८१९ च्या मार्चमध्ये लंडनच्या पार्लमेंटात झाली. फौजेचे आभार मानले गेले. पण हे आभार थाळनेरच्या किल्लेदाराच्या फाशीस संमती समजू नये, असे वेगळे नमूद करावे लागले.

आपल्या स्मृतिकारांनी शस्त्र उगारून येणाऱ्यास आततायी म्हटले आणि त्याला मारण्यात दोष मानला नाही. 'आतत' म्हणजे ताणलेले, चढविलेले धनुष्य. धनुष्य उतरले की तो मनुष्य आततायी राहत नाही, असे मी त्या शब्दावरून समजतो. १८६० च्या दंडविधानाने हेच कलमांत बांधले, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही, कलम ३४ ते ४४ यांत, ते कायम आहे: बचावाचा हक्क आहे, पण बचावास लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा नाही, आणि सरकारी संरक्षण मागण्यास अवसर असेल तर तोही नाही. पायरीवर रडत बसलेल्या त्या मुलाला आळीतील लोक मारावयास निघाले होते. त्यांना खिडकीतून ओरडून थांबविले तेही सौ.नेच. ही गोष्ट तर मला परवापर्यंत आठवतही नव्हती. थाळनेरास बोलता बोलता आठवली.

परतीच्या गाडीत गर्दी होती. मुलाने मला जागा करून दिली आणि तो उभाच राहिला. त्याच्या सदऱ्यावरच्या पांढऱ्या रेघांकडे बायका कुतूहलाने पाहत होत्या. त्याने त्या झटकल्या नाहीत.

घरी पोहोचलो तेव्हा दुपारची पाने केव्हाच उठली होती. आम्हा दोघांपुरती वाढली. जेवताना बंधू, भावजय, मुली सर्व तेथेच होते. मी हात धुण्यापूर्वीच बोलण्यास सुरुवात केली, कारण एकदा हात धुतले की मी उठून जाईन अशी मला भीती होती. सांगून झाल्यावर कोणी काही बोलले नाही. सौ. ताक वाढीत होती. तिने ताक वाढले.

"काकू, तो पाट कुठे आहे?" मुलाने विचारले.

"कुठे असायचा? देवघरात. गौरी त्याच्यावरच तर बसतात." ती म्हणाली. "खाच आहे ती बाजू भिंतीकडे करते, म्हणून दिसत नाही."

तो उठून गेला आणि पाट घेऊन आला. कडेपासून चार बोटांवर, रंगाखाली बुजलेली, बोटाच्या पेराएवढी खाच होती. मुलींनी ती एकेक करून चाचपून पाहिली. बंधूंनी चष्मा लावून पाहिली.

"झाले ना पाहून?" सौ. म्हणाली. "मग ठेवा जागेवर. आणि तो सदरा काढ आधी, खडूने केवढा माखला आहे."